खोट्या दांड्याची सायकल

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की माझी नजर त्याच्या तोंडाकडे जात नसे, गाडीच्या टपाकडे जाई. माणूस बोलत राही, मी "हो जी, हो जी" म्हणत राही आणि डोळ्यांनी टपाची कड चाचपत राही. यामुळे मी शिष्ट आहे अशी अमरावतीच्या निम्म्या गाडीवाल्यांत माझी ख्याती झाली होती. उरलेल्या निम्म्यांचं माझ्याकडे काम पडलं नसावं. पण माझा इलाज नव्हता. काय हवंय ते माणूस सांगतो, काय जमेल ते गाडी सांगते, आणि मला दोघांचंही ऐकून घ्यावं लागे.

मी यासीन मिस्त्री, गाड्यांना सामान वाहायचे कॅरियर करणारा. बापजादे बैलबंड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवत. मी गॅस वेल्डिंग शिकलो आणि बंडीवरून मोटारीवर आलो, एवढीच आमच्या घराण्याची प्रगती. शाळा मराठी झाली, म्हणून घरात उर्दू, दुकानात वऱ्हाडी आणि लिहायला ही अशी मराठी. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातलं काही लिहा" म्हटलं तेव्हा आमची बेगम म्हणाली, "लोहे में लिखने जैसा क्या होता है?" तिचंही खरंच आहे. लोखंडात काही नसतं. लोक त्यावर जे बांधून नेतात, त्यात असतं.

परक्या माणसासाठी धंदा थोडक्यात सांगतो. त्या काळच्या बहुतेक गाड्यांना दारांच्या वरच्या बाजूला, टपाच्या कडेनं, पावसाचं पाणी उतरून जायला पत्र्याची बारीक पन्हाळ असे. आम्ही तिला नाली म्हणायचो. कॅरियरचे पाय त्या नालीत टेकवायचे, खालून आकडे घालायचे, नट आवळायचे, झालं काम. वजन सगळं नालीवर पडलं पाहिजे. टपाच्या मधल्या पत्र्यावर पडलं तर टप परातीसारखा खोलगट होतो आणि मालकाचं तोंडही. नालीवाल्या गाडीचा कॅरियर कोणीही करील. खरी परीक्षा बिननालीच्या गाडीची. जीप असो की जुनी उघडी मोटार असो, वर नुसतं कॅनव्हासचं हूड. त्याला आकडा अडकवायचा कुठं? आणि गिऱ्हाइकाचा हट्ट असा की सामान वरच पाहिजे, कारण शेजाऱ्याचं वर असतं.

चांदूर रेल्वेचे एक डॉक्टर होते. जीपवर सायकल न्यायची म्हणाले. कारण पक्क्या सडकेपर्यंत जीप जाई, पुढं खेड्याच्या कच्च्या पांदणीत पावसाळाभर चाकं रुतत. कडेची पायवाट मात्र सायकलीपुरती सुकलेली असे. त्यांना सायकल हुडावर हवी होती. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हूड फाटलं तर पेशंटच्या आधी तुमीच भिजसान." मग जीपच्या मागच्या फळीला कॅरियर करून दिला. डॉक्टर खूश झाले. पुढं एकदा एका बाळंतपणाला गडबडीत निघाले, सायकल घ्यायचीच विसरले, आणि पांदणीच्या तोंडाशी पोचल्यावर रिकामा कॅरियर पाहून मला शिव्या घातल्या. बाळंतीण सुखरूप सुटली, एवढं मात्र मला कळवलं. त्या निरोपातही शिव्या होत्याच.

पण मला लिहायचंय ते कुसुमच्या सायकलीबद्दल.

आमच्या दुकानामागच्या गल्लीत एक गुरुजी राहत. भिक्षुकी करत. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्नं, मुंजी. बायको लवकर गेलेली. एकुलती मुलगी कुसुम. तिला त्यांनी मॅट्रिक केलं, मग शिक्षिकेचा कोर्स. तिला बडनेऱ्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा स्वतः जन्मभर पायी फिरलेल्या या माणसानं मुलीला सायकल घेऊन दिली. हिरव्या रंगाची, बायकांची. म्हणजे बसायच्या जागेपासून हँडलपर्यंत पुरुषांच्या सायकलीला आडवा दांडा असतो तो नाही. त्याऐवजी तिरप्या नळ्या खाली उतरलेल्या, म्हणजे लुगडं नेसूनही बसता यावं. मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून जाळी. रोज सकाळी कुसुम आमच्या दुकानावरून बडनेऱ्याकडे जाई आणि जाताना घंटी वाजवी. ती घंटी ऐकल्याशिवाय मी भट्टी पेटवत नसे. सवय म्हणा.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हा तिचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, वसंतराव, कोर्टात कारकून. वडील लहानपणीच वारलेले, काकांनी वाढवलेला. गुरुजी एका दुपारी दुकानात आले. उपरण्यानं घाम पुसला, स्टुलावर बसले आणि बराच वेळ माझ्या पान्ह्यांकडे पाहत राहिले.

"यासीन," ते म्हणाले, "माझे एक यजमान आहेत ना, वकीलसाहेब, त्यांनी वरातीला गाडी दिली आहे. कुसुम त्यात जाईल. सायकलही त्याच गाडीत गेली पाहिजे."

"रेल्वेनं बुक करून टाका ना गुरुजी. दोन दिवसांत पोचते."

"नाही." गुरुजी सहसा कोणाला नाही म्हणत नसत. "मागाहून गेली तर ती सामान होईल. कोणी म्हणेल दिराला द्या, कोणी म्हणेल विका. तिच्यासोबत गेली तर तिची राहील. अकोल्याला नदीपलीकडच्या शाळेत तिला घ्यायचं कबूल झालं आहे. घर जुन्या शहरात. रोज एवढं पायी कोण जाऊ देईल तिला? सायकल असली तर नोकरी राहील. मला आणखी काही देता येत नाही रे तिला."

मी "हो जी" म्हटलं. त्या दिवशी मात्र मी माणसाच्या तोंडाकडे पाहत होतो.

वकीलसाहेबांची गाडी मी ओळखून होतो. जुनी, लांब, उघडी मोटार, कॅनव्हासचं हूड, नालीचा पत्ता नाही. वर वकीलसाहेबांची अट: गाडीला एक भोक पडता कामा नये, एक ओरखडा उठता कामा नये. हुडावर सायकल ठेवावी तर खालच्या लाकडी कमानी मोडतील आणि नवरा-नवरी दोघांच्या डोक्यावर येतील. बाजूच्या फूटबोर्डावर उभी करावी तर एका बाजूची दारं बंद. नवरी काय नवऱ्याला ओलांडून उतरेल? शेवटी मी गाडीच्या मागं गेलो. तिथं स्टेपनी उभी बोल्टवर आवळलेली होती. मी त्याच बोल्टांवर जाड पट्टी बसवली, पट्टीतून दोन लोखंडी हात बाहेर काढले, हातांवर लोकरीचा नमदा गुंडाळला. सायकल आडवी टांगायची, चामड्याच्या वादीनं बांधायची. गाडीला भोक नाही, ओरखडा नाही. मी स्वतःवर खूश झालो आणि सायकल मागवली.

सायकल टांगली तर ती माकडासारखी एका बाजूला लोंबू लागली. पुरुषांच्या सायकलीचा आडवा दांडा त्या दोन हातांवर सरळ बसतो. हिला दांडाच नव्हता. तिरप्या नळ्या घसरत होत्या, पुढचं चाक सडकेला टेकत होतं. मग मी एक खोटा दांडा केला. एक टोक बसायच्या खालच्या नळीला, दुसरं हँडलच्या मानेला, दोन्हीकडे हातानं फिरवायचे कानवाले नट. पोचल्यावर नट सोडायचे, दांडा काढून घ्यायचा, सायकल परत जशीच्या तशी. गुरुजी म्हणाले, "लग्नाची गाडी आहे, उघडं लोखंड दिसू नये." म्हणून मी दांड्यालाही तोच हिरवा रंग दिला. गल्लीतल्या बायांनी त्यावर ताण केला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, निघायच्या सकाळी, त्यांनी तिरप्या नळ्यांना आणि मागच्या जाळीला झेंडूच्या माळा अशा गच्च गुंडाळल्या की आत काय आहे ते मलाही दिसेना.

सोबत मी पाहिजे, असं वकीलसाहेबांनीच सांगितलं. सायकल उतरवताना गाडीला धक्का लागला तर जबाबदार कोण? म्हणून ड्रायव्हरशेजारी मी, मागं नवरा-नवरी आणि पाठराखीण म्हणून कुसुमची आत्या. बाकीचं वऱ्हाड आणि वसंतरावांचे काका पहाटेच रेल्वेनं पुढं गेले होते. निघताना सगळी गल्ली रडली. गुरुजी मात्र कोरडे. शेकडो मुलींची लग्नं लावलेला माणूस, त्यांना सवय असणार, असं मला वाटलं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे झाडाखाली गाडी थांबवून मी वाद्या तपासत होतो. आत्याबाई पाणी पीत होत्या. कुसुम खाली उतरून माझ्यापाशी आली. मुंडावळ्या, हातभर बांगड्या. तिनं तो हिरवा दांडा हातानं दाबून पाहिला.

"यासीनभाई, हा निघतो ना?"

"निघते बाई. दोन नट. तुमीबी काढू शकसान."

"निघाला नाही तर मला बसता नाही येणार."

"म्या केला हाये. निघते."

ती हसली नाही. वळून तिनं वसंतरावांकडे पाहिलं. ते गाडीतच बसून होते, अंगानं किरकोळ, चष्मा, फारच गप्प माणूस. सगळ्या प्रवासात ते चार वाक्यं बोलले असतील, त्यातलं एक ड्रायव्हरला "हळू घ्या" हे होतं. मला मनातून वाटलं, या पोरीच्या बाजूनं बोलायची वेळ आली तर हा माणूस काय बोलणार?

अकोल्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. जुन्या शहरात अरुंद बोळ, बोळाच्या तोंडाशी सगळी आळी जमलेली. पुढं वसंतरावांचे काका. सगळे त्यांना नाना म्हणत. डोक्याला फेटा, मिशा पांढऱ्या, आवाज असा की गाडीचं इंजिन बंद केल्याचं कळलंच नाही. गाडी थांबली तसे ते नवरीकडे गेलेच नाहीत. थेट मागं आले. सायकलीपुढे उभे राहिले आणि त्या हिरव्या दांड्यावरून हात फिरवला.

"पायलं काय?" ते लोकांकडे वळून म्हणाले. "माह्या वसंताले सायकल आली! म्या म्हनलं नव्हतं? व्याही गरीब हाये, पन जवायाची हौस केली बरं! लेकाचा रोज कोर्टात पायी जाते. आता चाकावर जाईन!"

लोक पुढं सरले. कोणी घंटी वाजवली, कोणी टायर दाबलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्नात जावयाला सायकल द्यायची ही त्या वेळची रीतच होती. घड्याळ आणि सायकल. सायकल वरातीसोबत आली म्हणजे ती नवरदेवाची, यात कोणाला शंका कशी येणार? वरून माझा दांडा, माझा रंग आणि बायांचा झेंडू. बायकांची सायकल मी बघता बघता पुरुषाची करून ठेवली होती.

"मिस्त्री, उतरवा सायकल," नाना म्हणाले. "वसंता, उतर बावा. एक चक्कर मार. पाहू दे लोकायले."

मी वाद्या सोडल्या. सायकल खाली घेतली. आता दांडा. तो तसाच राहू दिला असता तर कोणालाच काही कळलं नसतं. नाना खूश, आळी खूश, सायकल वसंतरावांची. आणि नदीपलीकडची शाळा? मी गाडीत पाहिलं. कुसुम मान खाली घालून बसली होती. नव्या नवरीला बोलायचा हक्क नसतो, निदान गाडीतून उतरेपर्यंत नसतो. तिची बोटं पदराशी चालली होती. मला गुरुजी आठवले.

"नानासाहेब," मी म्हटलं, "हा दांडा माहा हाये. कॅरियरचा. सायकलचा नोहे."

आणि मी दोन्ही नट फिरवले. दांडा हातात आला. माळा ओघळल्या. तिरप्या नळ्या, मागची जाळी, सगळं उघडं पडलं.

मग गर्दीतून एक बाई फिसकन हसली. कोणी तरी म्हणालं, "ही तं बायकायची सायकल!" आणि मग सगळेच हसले. "वसंता, लुगडं नेसून जाजो कोर्टात!"

नानांचा चेहरा लाल झाला. "हे काय करून राहिले तुमी? जवायाले बायकायची सायकल? थट्टा मांडली काय आमची?" ते माझ्यावर ओरडत होते, पण ऐकवायचं होतं ते गुरुजींना. "परत न्या. आत्ताच्या आत्ता परत न्या. आमाले नाही पायजे."

आत्याबाई हात जोडून काही तरी बोलायला लागल्या. त्यांचं कोण ऐकतो? मी सायकल धरून उभा. परत न्यायची म्हणजे काय न्यायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

तेव्हा वसंतराव गाडीतून उतरले. मुंडावळ्या कानामागे सारल्या. चष्मा काढून उपरण्याला पुसला, परत घातला. मला वाटलं, आता हे काकांच्या पायाशी बसणार.

"काका," ते म्हणाले, "सायकल माझी नाही. त्यांची आहे. शाळेत जायला. पाहायला गेलो तेव्हाच त्यांनी मला सांगितलं होतं, मी हो म्हटलं होतं. तुम्हाला सांगायचा मला धीर झाला नाही."

"अन् तू?" नाना म्हणाले. "बायको सायकलीवर अन् तू पायी? लोकं काय म्हनतीन?"

वसंतरावांनी गर्दीकडे पाहिलं.

"मले सायकल येतच नाही, काका."

आपल्या वरातीच्या दिवशी, फेटा बांधून, सगळ्या आळीसमोर हे बोलायला काय लागतं ते मला विचारा. मी लोखंड जोडणारा माणूस, पण त्या दिवशी त्या किरकोळ माणसाचा मला फार अभिमान वाटला. लोक पुन्हा हसले. "कोर्टातला कारकून, सायकल येत नाही!" ते हसत होते आणि हसणं आता कुसुमच्या सायकलीवरून उठून वसंतरावांवर गेलं होतं. त्यांनी ते स्वतःवर येऊ दिलं.

पण नाना हसले नाहीत. ते वसंतरावांकडे पाहत राहिले.

"येत नाही?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "काहून येत नाही? आळीतले सारे पोट्टे शिकले."

"त्यांच्या घरी होत्या, काका."

"मंग मले काहून नाही म्हनलं कधी? एक डाव म्हनाचं होतं."

नानांनी भावाचं पोर आपलं म्हणून वाढवलं, त्याला खाऊ घातलं, शिकवलं. सायकल काही जमली नव्हती, आणि पोरानं कधी मागितली नव्हती. नानांना ते सगळं तिथं, भर बोळात, एका दमात समजलं. त्यांनी फेट्याचा शेव डोळ्यांना लावला आणि लगेच लोकांवर खेकसले, "दात काय काढता? लग्नाचं घर हाये का तमाशा?"

मग माझ्या हातातून सायकल घेतली.

"मिस्त्री, सोडा. इथं ऊन किती हाये. रबर जाते अशानं."

आणि त्यांनी ती सायकल खांद्यावर उचलली. दारात बाया आरतीचं तबक घेऊन उभ्या होत्या, उंबरठ्यावर तांदळानं भरलेलं माप होतं. नाना सरळ आत घुसायला लागले तशा बाया ओरडल्या, "अहो, आधी सून! आधी सून!" नाना थांबले. खांद्यावर सायकल घेऊन, बाजूला, चांगले उन्हात उभे राहिले. कुसुमला ओवाळलं, नाव घ्यायला लावलं, तिनं पायानं माप लवंडलं, आत गेली. तिच्या मागोमाग नाना आत गेले. त्यानंतर नवरदेवाची आठवण झाली.

मी दांडा फडक्यात गुंडाळून गाडीत टाकला. जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

पुढं कॅरियर खूप केले. आता बाजारात तयार मिळतात, बिननालीच्या गाडीचेही, पट्ट्यांचे, घड्या घालायचे, आणि कोणाला मिस्त्रीची गरज राहिलेली नाही. त्याचं थोडं वाईट वाटतं, खोटं बोलत नाही. माझ्या हातचा एकही कॅरियर आज कुठं शिल्लक असेल असं वाटत नाही.

त्या संध्याकाळी गाडी अमरावतीला आली तेव्हा दिवेलागण झाली होती. दुकानाच्या पायरीवर गुरुजी बसले होते. किती वेळचे बसले होते कोण जाणे. मी उतरलो तसे उठून उभे राहिले.

"सायकल नीट पोचली?"

"पोचली, गुरुजी. ओरखडा नाही."

"बरं." मग इकडंतिकडं पाहत, कोणी ऐकत नाही ना असं पाहत, त्यांनी विचारलं, "कुठं ठेवली त्यांनी? बाहेर?"

"नाही जी. घरात. नानांनी स्वतः खांद्यावर उचलून आत नेली."

"आत?"

"आत, गुरुजी."

मुलीच्या पाठवणीला सकाळी ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते गुरुजी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि उपरण्यात तोंड घालून लहान मुलासारखे रडले. रस्त्यानं ओळखीची माणसं जात होती. मी काही न बोलता दुकानाची पुढची फळी लावून घेतली आणि त्यांना आडोसा करून उभा राहिलो.